नगराभ्यासाची पद्धत आणि महाडचे तळे

महाडविषयी प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रस्ताव काही काळापूर्वी एका विद्यापीठीय समितीने परत पाठविला. विद्यार्थी पोलादपूर तालुक्यातला. विषय होता, ‘विसाव्या शतकातील महाडचे नागर जीवन व त्याचे मराठी लेखनातील प्रतिबिंब’. प्रस्तावावर दोन शेरे होते. महाड हे ‘शहर’ या संज्ञेत बसते किंवा कसे हे प्रथम सिद्ध करावे, हा पहिला. संशोधनपद्धती अस्पष्ट आहे, हा दुसरा. तोंडी सल्ला असा मिळाला की, विषय ‘मुंबईतील महाडकर’ असा करून घ्यावा, म्हणजे संदर्भग्रंथांची अडचण पडणार नाही.

प्रस्तुत लेखक त्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक नव्हे. तो प्रस्ताव वाचण्यासाठी म्हणून माझ्याकडे आला, एवढाच संबंध. प्रस्तावात दोष होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘प्रतिबिंब’ हा शब्द मराठी प्रबंधांच्या शीर्षकांतून काढून टाकण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे. साहित्य हा आरसा आणि समाज हा त्यापुढे दाढी करीत बसलेला गृहस्थ, अशी कल्पना करून किती पिढ्यांनी पदव्या घ्यायच्या? परंतु समितीचा आक्षेप या शब्दाला नव्हता. तो महाडला होता. म्हणूनच हे प्रकरण एका विद्यार्थ्यापुरते राहत नाही. शहरांचा अभ्यास कसा करावा म्हणून आपण जे शिकवितो, त्याच्या मुळाशी कोणती गृहीतके आहेत, हे त्या दोन शेऱ्यांतून उघडे पडते.

पहिल्या शेऱ्याचा निकाल चटकन लावता येतो. शहर कशाला म्हणावे याचे उत्तर जनगणना खाते देते. वस्ती पाच हजारांच्या वर, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंच्याहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, की झाले शहर. मात्र जेथे नगरपालिका, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ आहे, तेथे या कसोट्या लावाव्या लागत नाहीत. ते कायद्यानेच शहर ठरते. तालुक्याच्या ठाण्यांना नगरपंचायती द्यायच्या, या धोरणाने पोलादपूर असे शहर झाले. आदल्या दिवशी ग्रामीण असलेला माणूस दुसऱ्या दिवशी नागरी झाला. दारातला चिखल तोच राहिला. आणि महाडला तर इंग्रजी अमदानीपासून नगरपालिका आहे. तेव्हा संज्ञेचा प्रश्न समितीने महाडला विचारण्याऐवजी स्वतःला विचारावयास हवा होता. त्यांच्या मनातील ‘शहर’ ही संज्ञा जनगणनेतून आलेली नाही, कायद्यातून आलेली नाही. ती मुंबईवरील कादंबऱ्यांतून आणि पॅरिसवरील निबंधांतून आलेली आहे.

दुसरा शेरा अधिक गंभीर आहे. पद्धत अस्पष्ट आहे म्हणजे काय? तर उजळणी वर्गांतून आणि कार्यशाळांतून ज्या तीन-चार पद्धती वाटल्या जातात, त्यांपैकी एकीचेही नाव प्रस्तावात नव्हते. त्या पद्धतींना महाडच्या रस्त्यावर उभे करून पाहू.

सर्वांत मानाची पद्धत चालण्याची. बोदलेअरच्या पॅरिसवरून वाल्टर बेन्यामिनने रंगविलेला तो रिकामा फिरणारा पुरुष, फ्लॅनर, आता मराठी विभागांतही चांगलाच रुळला आहे. त्याच्या मागून मिशेल द सेर्तो येतो. न्यूयॉर्कच्या एकशे दहाव्या मजल्यावरून शहर पाहणे वेगळे आणि रस्त्यावरून चालणे वेगळे, चालणारा आपल्या पावलांनी शहराची एक निराळी संहिता लिहीत असतो, असे तो सांगतो. या विचारांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण या चालणाऱ्याला कोणी हटकत नाही. त्याच्या डोक्यावर भारा नसतो. मुख्य म्हणजे त्याला तहान लागत नाही. लागलीच तर पाणी कोठे मिळेल, आणि ते कोण देईल, हा प्रश्न त्याच्या नगरसिद्धान्ताचा भाग होत नाही.

महाड हे येणाऱ्यांचे शहर आहे. सावित्रीच्या खाडीतून येणारा माल, घाटावरून उतरणारे बैल, पोलादपूरच्या खोऱ्यातून बाजाराला, कचेरीला, कोर्टाला येणारी माणसे यांच्यावर ते वाढले. (रेल्वेने मात्र महाड टाळले; महाडकरांचे स्टेशन वीर.) या येणाऱ्यांपैकी ज्यांना अस्पृश्य म्हटले जाई, त्यांना दिवसभराच्या कामात गावच्या पाणवठ्यावर ओंजळभर पाणी घेता येत नसे. तळे भर वस्तीत होते, नगरपालिकेचे होते. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले; तीन वर्षे कोणी पाणी प्यायले नाही. शहराचा अभ्यास करणाऱ्याने थांबावे ते या तीन वर्षांपाशी. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याला काय म्हणतात? बेन्यामिनच्या कोशात त्याला शब्द नाही. महाडच्या कोणत्याही म्हाताऱ्याकडे आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे परिषदेच्या मांडवातून निघून बाजारातून चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार, अशी आवई उठली आणि गावात पांगलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले; कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तिला हिंदूंपैकी कोणी जागा देईना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर जाणे या वेळी स्थगित झाले. गावातून मिरवणूक निघाली, ती तळ्यावर न जाता परतली. मार्चचा मार्ग आणि डिसेंबरचा मार्ग एकाच नकाशावर काढा. चालणारी माणसे पुष्कळशी तीच, गाव तेच, ऋतू निराळा एवढेच. दोन मार्गांत जो फरक आहे तो रस्त्यावर कितीही पायपीट केली तरी दिसावयाचा नाही, कारण तो एका कागदाने पाडलेला आहे. तो कागद म्हणजे १४ डिसेंबर १९२७ चा न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम. चालण्याची पद्धत शिकविताना हा कागद वाचायला शिकविला जात नसेल, तर ती पद्धत नव्हे. तो सहलीचा कार्यक्रम आहे.

कोकणातल्याच दुसऱ्या एका शहराविषयी आपल्याकडे चालण्याचे असे एक लेखन आहे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’च्या (२००३) आरंभी फणसवळ्याच्या आजूबाजूच्या बाया ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला जातात. समीक्षकांनी हे लेखन दलित स्त्रीचे आत्मकथन म्हणून वाचले, ते योग्यच. पण रत्नागिरी या शहराचे वर्णन म्हणून ते कोणी वाचले? बाजार म्हणजे काय, हे तेथे पोहोचायला किती चढ चढावा लागतो यावरून कळते. ही नगरविद्येतली गोष्ट आहे, आणि ती शहरात शिरण्यापूर्वीच सुरू होते.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची थट्टा पुष्कळांनी केली आहे. प्रश्न विचारणारा शहाणा, उत्तर देणारा ‘उत्तरदाता’, आणि दोघांमधला व्यवहार रकान्यांचा. पण महाड परिसरातूनच एक वेगळी प्रश्नावली निघाली होती, याची आठवण करून दिली पाहिजे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पत्रक काढले. ते प्रश्नांच्या स्वरूपात आहे. येथे विचारणारा आहे तो ज्याची मोजदाद व्हायची तो, आणि उत्तर द्यायचे आहे ते मोजदाद करणाऱ्यांनी. समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रश्नावलीचे मुक्त व बंदिस्त असे प्रकार सांगतात. उलटी प्रश्नावली हा प्रकार त्यात नाही. तो घातला, तर निदान विद्यार्थ्याला एवढे कळेल की, प्रश्न कोण कोणाला विचारतो ही पद्धतीच्या आधीची बाब आहे.

तिसरी पद्धत नकाशाची. शिकागोच्या पार्क आणि बर्जेस यांचे ‘द सिटी’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. शहर मध्यापासून वलयावलयांनी बाहेर वाढते, ही बर्जेसची आकृती आजही फळ्यावर काढली जाते. तिच्या दोनच वर्षांनी महाडचा दावा दाखल झाला, आणि त्या दाव्यानेही एका वस्तीच्या वाढीचाच विचार केला. फरक असा की, महाडच्या प्रकरणी कोणा प्राध्यापकाला नव्हे, तर न्यायाधीशांना तो करावा लागला.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या स्पृश्य रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. तळे स्पृश्यांचे आहे, आणि अनादी काळापासून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. त्याआधी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेनेही आपला १९२४ चा ठराव रद्द केला होता; बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली, हा योगायोग असेल. दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याला अपिलात आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी वादींचे अपील फेटाळले. एका ओंजळीचा निकाल लागायला दहा वर्षे लागली.

हा निकाल मराठी विभागांत वाचला जात नाही आणि समाजशास्त्र विभागांत त्याचा नुसता उल्लेख होतो. माझ्या मते महाराष्ट्रातील कोणत्याही लहान शहराविषयी लिहिल्या गेलेल्या सर्वांत सावध मजकुरांपैकी तो एक आहे. त्यात प्रथम जागेचे वर्णन येते. तळे चार-पाच एकरांचे. पावसाचे आणि काही झऱ्यांचे पाणी. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची घरे, थोडी मुसलमानांची. तळे कोणी खोदले, मुळात ते खोदलेले आहे की नैसर्गिक, याचा पुरावा नाही. मग प्रश्न येतो वहिवाटीचा. अस्पृश्य तेथे पाणी भरीत नव्हते हे खरे. पण ‘भरीत नव्हते’ यावरून ‘अनादी काळापासून भरू दिले जात नव्हते’ हे निष्पन्न होते काय? येथे न्यायमूर्तींनी केलेले अनुमान नगराच्या अभ्यासकाने गिरवून घ्यावे असे आहे. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी ते पाणी केवळ आपल्यासाठी राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, याचीच त्यांना शंका वाटते. म्हणजे जी वहिवाट अनादी म्हणून पुढे केली गेली, तिचे वय घरांच्या वयाशी ताडून पाहिले गेले. प्रथा आधी आणि वस्ती नंतर, हा क्रम गृहीत धरता येत नाही. वस्ती दाटत जाते तशी प्रथा घट्ट होत जाते, अशी शक्यता उरते. बर्जेसच्या वलयांत जमिनीच्या किमती आहेत, स्थलांतरितांचे थर आहेत. ‘अनादी’ या शब्दाची उलटतपासणी नाही.

निकालाचे उदात्तीकरण करू नये. तो समतेच्या तत्त्वावर उभा नाही, वादींना वहिवाटीचे अनादित्व सिद्ध करता आले नाही यावर उभा आहे. पुरावा भक्कम असता तर काय झाले असते, हा प्रश्न वाचणाऱ्याला टोचत राहतो, आणि टोचावा. पण हीदेखील वाचनाचीच गोष्ट झाली. निकाल कशावर बोलतो, कशावर बोलायचे टाळतो, ‘सार्वजनिक’ हा शब्द कोणत्या वाक्यात मालकीच्या अर्थाने येतो आणि कोणत्या वाक्यात वापराच्या. ठरावात ‘हरकत नाही’ असे असते तेव्हा हरकत घेण्याचा अधिकार कोणाकडे शिल्लक राहतो. हे सारे पाहण्याचे शिक्षण कोणाचे झालेले आहे? समीक्षकाचे. संहितेतील मौन ऐकण्याचा दावा आपण गेली तीस-चाळीस वर्षे करीत आलो. ते कान कवितासंग्रहांपुरते राखून ठेवण्याचे कारण काय?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हा देशीवादाचाच नवा अवतार. परक्यांचे सिद्धान्त नकोत, आमचे महाड पुरे, असे हे म्हणणे आहे. तसे ते नाही. आँरी लफेव्रने ‘शहरावरचा हक्क’ ही कल्पना १९६८ साली मांडली. महाडमध्ये ती एकेचाळीस वर्षे आधीच होती, असली फुशारकी मारण्याने कोणाचेही भले होत नाही. लफेव्र जरूर शिकवावा. परंतु तो शिकविणाऱ्याने चवदार तळ्याचे कागद पाहिलेले नसावेत, आणि त्याची त्याला खंतही नसावी, ही स्थिती लफेव्रलाही पसंत पडली नसती. शिवाय पद्धतीच्या बाबतीत मराठी इतकी अनाथ कधीच नव्हती. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. त्रिं. ना. आत्र्यांचा ‘गांवगाडा’ १९१५ चा. ना. गो. चापेकर हे निवृत्त न्यायाधीश; त्यांनी ‘आमचा गाव बदलापूर’ (१९३३) लिहिताना घरे, धंदे, कर्ज, भाषा, सण यांतले काही सोडले नाही. पुण्याची पाहणी गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी केली, ती १९४५ आणि १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. आणि परका म्हणावा असा पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. योजना आखण्याआधी गल्लीबोळ पायी हिंडून पाहावेत, असा त्याचा आग्रह होता. या सर्वांत दोष आहेत. आत्र्यांची बलुतेदारांकडे पाहण्याची दृष्टी आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. पण चापेकरांचे बदलापूर त्या काळी ‘शहर या संज्ञेत’ बसत नव्हते, आणि त्यांच्यावाचून त्याची ती अवस्था आज आपल्याला कळली नसती.

अपराध समाजशास्त्रज्ञांपेक्षा आपला अधिक आहे. मराठी समीक्षेने महानगरीय, ग्रामीण, दलित अशा फळ्या ठोकल्या आणि पुस्तके त्यांवर लावली. ‘वासूनाका’, ‘गोलपिठा’ यांनी दाखविलेली मुंबई पाहून आपण ठरविले की, नागर अनुभव म्हणजे गर्दी, तुटलेपण, अनोळखीपण. महाडमध्ये कोणी अनोळखी नव्हते. १९२७ साली मारणारे आणि मार खाणारे पुष्कळदा एकमेकांना नावाने ओळखत असावेत. म्हणून मग महाड शहर नव्हे! सत्याग्रहाची नोंद चळवळीच्या इतिहासात झाली, अस्मितेच्या इतिहासात झाली. नगराच्या इतिहासात तिला जागा मिळाली नाही. फळी दलित साहित्याची असल्याने ती तेथेच राहिली. हे वर्गीकरण निरुपद्रवी नाही. सार्वजनिक पाणी, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक शाळा हे प्रश्न एका समाजाचे आणि ‘नागर संवेदना’ मात्र सर्वांची, अशी वाटणी त्यातून होते.

‘मुंबईतील महाडकर’ हा सल्लाही याच फळीवरून आलेला आहे. महाड-पोलादपूरचा माणूस मुंबईला गेला की तो अभ्यासविषय होतो. गावी असेतो तो लोकसाहित्य. वस्तुतः ही दोन ठिकाणे एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या, त्यांची वर्गणीची वही, खाडे आणि भांडणे यांची नोंद, दिवाळी-शिमग्याला भरून निघणाऱ्या एस.टी. गाड्या यांखेरीज पोलादपूरचा बाजार कळत नाही आणि परळही कळत नाही. रामचंद्र बाबाजी मोरे हे महाड परिषदेचे एक प्रमुख संयोजक, पुढे मुंबईत कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते. त्यांचे आयुष्य कोणत्या फळीवर ठेवणार? विद्यार्थ्याच्या प्रस्तावात मोऱ्यांवर एक प्रकरण होते. समितीने त्यापुढे प्रश्नचिन्ह केलेले आहे.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांपुरते असते, तर एवढ्या तीव्रतेने लिहिण्याचे कारण नव्हते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे डोंगर खचले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड बुडाले आणि त्याच दिवशी तळिये दरडीखाली गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडी आल्या. प्रत्येक वेळी कागद तयार झाले. पंचनामे, पूररेषांचे नकाशे, मृतांच्या याद्या, मदतीचे आदेश. पंचनामा हा बहुधा आपल्याकडे सर्वाधिक लिहिला जाणारा गद्यप्रकार असावा, आणि मराठीच्या एकाही अभ्यासक्रमात तो नेमलेला मी पाहिला नाही. पाच माणसे उभी करून जे दिसते ते लिहायचे. पण काय ‘दिसते’ हे रकान्यांनी आधीच ठरविलेले असते. ज्याच्या नावावर घर आहे त्याची भिंत लिहिली जाते. भाड्याच्या खोलीत शिलाईचे यंत्र बुडाले त्याचे नाव कोठे लिहायचे, याबद्दल तलाठी आणि पंच यांच्यात जी कुजबुज होते ती कागदावर येत नाही. नकाशावर निळी पूररेषा असते, लाल पूररेषा असते. बाजारपेठेतल्या भिंतींवर तिसरी एक रेषा असते, गाळाची. पुढचा रंग लागेपर्यंत ती वाचता येते. या तिन्ही रेषा एकत्र ठेवून वाचणारा माणूस कोणत्या विभागात तयार होतो?

त्याला मोडी यावी लागेल. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात अर्ज कसा करावा, ‘उपलब्ध नाही’ या उत्तरानंतर दुसरा अर्ज कसा करावा, हे यावे लागेल. दाव्याची कैफियत आणि निकाल यांतल्या भाषेचा फरक कळावा लागेल. ओझे घेऊन आलेल्या बाईबरोबर बाजारापर्यंत चालावे लागेल, आणि तिने ‘तुला कशाला पाहिजे रे हे?’ असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल. यांपैकी काहीही आपल्या संशोधनपद्धतीच्या प्रश्नपत्रिकेत नाही. तेथे ‘गृहीतकृत्य म्हणजे काय? प्रकार स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा प्रश्न असतो.

त्या विद्यार्थ्याने प्रस्ताव पुन्हा पाठविला आहे. ‘प्रतिबिंब’ काढले. महाड तसेच ठेवले आहे. पद्धती या शीर्षकाखाली आता त्याने एकच परिच्छेद लिहिला आहे. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांतील नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते, जी मिळतील ती, ओळीने वाचणार. आणि तळ्याभोवतीच्या घरांची, प्रत्येक घर केव्हा बांधले गेले याची, यादी करणार. समितीची बैठक अद्याप झालेली नाही.